शिरोलीतला जुना फॉक्सप्रो आणि लांबचा सर्व्हर, मागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात शिरोलीला फाउंड्री आणि कागलच्या एमआयडीसीत मशीनशॉप अशी दोन युनिट असलेल्या कारखान्यात, जुना प्रोग्राम ठेवून लांबचा डेटा त्याला कसा जोडायचा, हा प्रश्न हमखास येतो. स्टोअरचा नाहीतर पगाराचा प्रोग्राम जुना फॉक्सप्रोमधला (डेटा ठेवून त्यावर प्रोग्राम लिहायची भाषा), चांगला चालणारा, आणि डेटा मात्र आता दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर. सगळं एकदम बदलायला मालक तयार नसतो आणि माझ्या मते त्याचं बरोबरच असतं, कारण त्या प्रोग्राममध्ये वीस-पंचवीस वर्षांचे धंद्याचे नियम बसलेत, ते कुठंच कागदावर लिहिलेले नाहीत.

सुरुवात डीबेसपासून, फॉक्सप्रो त्याच घराण्यातला. अमेरिकेत वेन रॅटलिफनं लिहिलेला व्हल्कन नावाचा प्रोग्राम अॅश्टन-टेटनं डीबेस टू म्हणून विकला, मग त्याच धर्तीचे फॉक्सबेस, 1985 ला क्लिपर, पुढं फॉक्सप्रो आले, आणि 1992 ला मायक्रोसॉफ्टनं फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीच विकत घेतली. आपल्याकडं ही भाषा रुजली कारण साध्या पीसीवर चालायची आणि गावातलाच पोरगा समोर बसून अडतीची पट्टी, खतावणी, कामगारांचा पगार असं पाहिजे ते लिहून द्यायचा.

आता गोम कुठं आहे बघा. डीबीएफ, म्हणजे या भाषांमध्ये डेटा जिच्यात राहतो ती, नुसती फाईल. लॅन (इमारतीतल्या कॉम्प्युटरना जोडणारं नेटवर्क) टाकलं, नोव्हेल कंपनीचा सर्व्हर बसवला, तरी तो सर्व्हर फक्त फाईल सांभाळायचा, शोधाशोध प्रत्येकाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर करायचा. इंडेक्स (रेकॉर्ड पटकन सापडायची सूची) असला तर इंडेक्सचा थोडा भाग आणि हवं ते रेकॉर्ड वायरवरून यायचं, इंडेक्स नसला तर अख्खी फाईल. म्हणजे गोदामातलं एक पोतं बघायचं म्हणून सगळी पोती दुकानात आणायची, आणि एकाच इमारतीत हे खपून जायचं पण शिरोली ते कागल टेलिफोनच्या लायनीवर कसं खपणार? त्यात मधेच लाईट गेली की इंडेक्स बिघडायचा, सकाळी आधी रीइंडेक्स, म्हणजे ती सूची नव्यानं बनवणं, मग काम. शिवाय फॉक्सप्रोच्या एका फाईलला 2 जीबीची मर्यादा. म्हणून लोक फ्लॉपीवर दिवसाचा डेटा घेऊन दुसऱ्या युनिटला जायचे.

1992 लाच ओडीबीसी आलं, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला कुठल्याही डेटाबेसशी एका ठरावीक पद्धतीनं बोलता यावं अशी सोय. 1995 च्या व्हिज्युअल फॉक्सप्रो 3 मध्ये रिमोट व्ह्यू आले, म्हणजे लांबच्या सर्व्हरवरचा डेटा इथं दाखवणारी सोय, आणि सर्व्हरला जोडणारं एसक्यूएलकनेक्ट, त्याला सवाल टाकणारं एसक्यूएलएक्झेक ही फंक्शनं आली. रिमोट व्ह्यू जुन्या टेबलासारखाच उघडतो, त्यामुळं स्क्रीन, रिपोर्ट फारसे न बदलता खालचा डेटा सर्व्हरवर नेता येतो. टप्प्याटप्प्यानं हलवणं शक्य झालं ते यामुळं! क्लिपरवाल्यांना अॅडव्हान्टेज डेटाबेस सर्व्हर आणि पुढं हार्बर हे रस्ते मिळाले.

पण जुनी सवय आड आली. व्ह्यूला अट न घालता उघडला की सर्व्हर इमानदारीनं सगळी रेकॉर्ड पाठवतो, आणि जुना कोड एकेक रेकॉर्ड स्किप करत, प्रत्येक ओळीला वेगळा सवाल टाकत चालला तर दर फेरीला नेटचा वेळ लागतो, हजार ओळींच्या हजार फेऱ्या. इथंच लोक म्हणाले की रिमोट डेटाबेस स्लो आहे. तसं नसतं, पार्टीचा कोड आणि तारीख व्ह्यूला पॅरामीटर म्हणून दिली, बेरीज सर्व्हरलाच करायला लावली की त्याच लायनीवर काम पळतं.

दुसरं, बारीक पण जिवावर येणारं. फॉक्सप्रोत तारीख रिकामी असू शकते, एसक्यूएल सर्व्हरमध्ये तशी रिकामी तारीख नसते, नल (किंमतच नाही अशी खूण) असतो, आणि ती तशीच पाठवली तर 30 डिसेंबर 1899 होऊन बसते. डीबीएफमध्ये डिलीट म्हणजे नुसती खूण, पॅक करेपर्यंत (खूण केलेली खरोखर काढेपर्यंत) रेकॉर्ड तिथंच, सर्व्हरवर मात्र गेलं ते गेलं. आणि मराठी नावं जुन्या फॉन्टच्या नाहीतर इस्कीच्या (भारतीय लिप्यांचा जुना कोड) कोडमध्ये, ती युनिकोडमध्ये आणणं हे वेगळंच काम, कामगारांची नावं त्यात बिघडली तर पगारपत्रकावर कोण सही करणार?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एका टेबलाचा मालक एका वेळी एकच पाहिजे. पार्टी मास्टर, म्हणजे पार्ट्यांची मूळ यादी, सर्व्हरवर नेला की जुन्या डीबीएफमध्ये लिहिणं त्याच दिवशी बंद, जुना प्रोग्राम तोही सर्व्हरवरूनच वाचणार. दोन्हीकडं लिहून रात्री मेळ घालू म्हणणाऱ्यांचा स्टॉक कधीच जुळत नाही. आधी मास्टर, मग नुसते रिपोर्ट, मग व्हाउचर, हा क्रम मला पटतो.

2007 ला मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती नाही असं जाहीर केलं, 2015 ला सपोर्टही संपला, पुढं 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा कितीतरी जुन्या बिलांच्या प्रोग्रामना हात लावावाच लागला. आता 64 बिट विंडोजवर डॉसचा फॉक्सप्रो थेट चालत नाही, व्हिज्युअल फॉक्सप्रो चालतो पण तो 32 बिटचा, त्यामुळं त्याला ओडीबीसीचा ड्रायव्हर 32 बिटचाच लागतो, आणि डीएसएन, म्हणजे ओडीबीसीची जोडणीची नोंद, सिसवॉव64 (SysWOW64) फोल्डरमधल्या ओडीबीसी अॅडमिनमधून करावा लागतो.