रुग्णालयातील बुरशीविरोधी उपचार

रक्तात किंवा आतल्या अवयवांत पसरलेल्या बुरशीसंसर्गावर, अथवा तो होऊ नये म्हणून, दाखल रुग्णांना औषधे देण्याची पद्धत. धोका मुख्यतः अतिदक्षता विभागातले, रक्ताच्या कर्करोगाचे, अवयव-प्रत्यारोपण झालेले आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांना. औषध चार प्रसंगी सुरू होते: प्रतिबंध म्हणून, केवळ संशयावरून, गॅलॅक्टोमॅनन, बीटा-डी-ग्लुकान (बुरशीच्या आवरणातले घटक शोधणाऱ्या तपासण्या) किंवा सीटी स्कॅन यांतल्या खुणांवरून आणि बुरशी प्रत्यक्ष सापडल्यावर. संशयावरून सुरू केलेले औषध कोणी फेरविचार न करता आठवडेच्या आठवडे चालू राहते, हा यातला नेहमीचा दोष.

थुंकीत कँडिडा (एक यीस्टसारखी बुरशी) दिसली म्हणून फुप्फुसाचा संसर्ग ठरत नाही. लघवीत दिसली आणि त्रास काही नसेल, तर बहुधा लघवीची नळी (कॅथेटर) काढणे पुरते. रक्ताच्या कल्चरमध्ये (बुरशी वाढवून पाहण्याची तपासणी) मात्र ती एकाच बाटलीत वाढली तरी दुर्लक्ष करायचे नाही. उलट बाजूही आहे: खोलवरच्या कँडिडा संसर्गात रक्ताचे कल्चर जवळपास निम्म्या वेळा निगेटिव्ह येते. अशा वेळी बीटा-डी-ग्लुकान निगेटिव्ह असेल, तर औषध थांबवायला चांगला आधार मिळतो. पॉझिटिव्ह निकालावर तेवढा भरवसा नको, कारण अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि जखमेतल्या गॉजमुळेही तो वाढतो.

रक्तात कँडिडा आढळल्यास सुरुवात एकिनोकँडिन या गटातल्या औषधाने करतात: कॅस्पोफंगिन पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, मग रोज ५० मिग्रॅ, किंवा मायकाफंगिन रोज १०० मिग्रॅ. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) शक्य तितक्या लवकर काढतात, डोळ्यांचा पडदा तपासतात आणि कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत रोज किंवा दिवसाआड पुन्हा पाठवतात. १४ दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून, पहिल्या डोसपासून नव्हे. रुग्ण स्थिर झाला आणि कँडिडाची जात फ्लुकोनॅझोल या औषधाला दाद देणारी असली, की त्यावर वळवतात (पहिला डोस ८०० मिग्रॅ, पुढे रोज ४००). ते तोंडाने ९० टक्क्यांहून अधिक शोषले जाते, म्हणून आतडे नीट चालत असेल तर शिरेतूनच देण्याचा आग्रह निरर्थक. कँडिडा क्रुसेई त्याला मुळातच जुमानत नाही. कँडिडा ऑरिसही बहुधा नाही. एकिनोकँडिन लघवी, डोळा आणि मेंदू यांत पुरेसे पोहोचत नाही; क्रिप्टोकॉकस आणि म्युकर या बुरशींवर ते चालतच नाही.

म्युकरसाठी लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेले) अँफोटेरिसिन-बी ५ ते १० मिग्रॅ प्रतिकिलो, आणि सोबत मृत ऊतक काढण्याची शस्त्रक्रिया. या औषधातल्या चुका घातक ठरू शकतात. साध्या अँफोटेरिसिनचा डोस प्रतिकिलो ०.५ ते १ मिग्रॅ असतो. लायपोसोमलचा आकडा त्याला लावला, तर हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवर प्रकार पूर्ण लिहायचा. अँफोटेरिसिन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच (साखरेच्या द्रावणात) मिसळतात, कारण सलाईनमध्ये (मिठाच्या द्रावणात) ते साकळते. शिरेतली नळी (लाइन) ही आधी डेक्स्ट्रोजने धुतात. कॅस्पोफंगिनचे नेमके उलटे, ते डेक्स्ट्रोजमध्ये टिकत नाही. मूत्रपिंडे सांभाळण्यासाठी अँफोटेरिसिनआधी, लाइन वेगळी ठेवून किंवा मधे धुऊन, ५०० मिली ते १ लिटर सलाईन देतात. क्रिॲटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वरचेवर तपासतात. पोटॅशियम देऊनही वाढत नसेल, तर आधी मॅग्नेशियम पाहावे.

आक्रमक अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीच्या संसर्गात व्होरिकोनॅझोल हे औषध: पहिले दोन डोस प्रतिकिलो ६ मिग्रॅ, मग ४ मिग्रॅ, दर १२ तासांनी. गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर. तेवढ्याच डोसवर रक्तातली पातळी माणसागणिक फार बदलते, म्हणून सुमारे पाचव्या दिवशी, पुढच्या डोसच्या ठीक आधी रक्त घेऊन ती १ ते ५.५ मिग्रॅ प्रतिलिटर राखतात. त्याहून वर गेली, की भास आणि गोंधळ दिसू लागतो. रिफॅम्पिसिन (क्षयरोगाचे औषध) चालू असेल तर व्होरिकोनॅझोलची पातळी जवळजवळ शून्यावर येते, तेव्हा ही जोडी वर्ज्य. टॅक्रोलिमस (प्रत्यारोपित अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिलेले औषध) घेणाऱ्या रुग्णात टॅक्रोलिमसचा डोस एक तृतीयांशावर आणावा लागतो, आणि व्होरिकोनॅझोल बंद करताना पातळी पाहत तो पुन्हा वाढवावा लागतो. ही दुसरी पायरी डिस्चार्जच्या कागदात सुटते, आणि मग शरीर प्रत्यारोपित अवयव नाकारू लागते.