ड्रोन बॅटरी : निगा व निरीक्षण

ड्रोन बॅटरी : मानवरहित लहान विमानांना ऊर्जा पुरवणारी, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी लिथियम बॅटरी. बहुपंखी ड्रोनला हवेत एका जागी स्थिर राहण्यासाठीही मोठा विद्युत प्रवाह अखंड लागतो आणि तो थांबताच यंत्र दगडासारखे खाली येते; स्थिर पंखांच्या विमानाप्रमाणे तरंगत उतरण्याची सोय त्याला नसते. त्यामुळे मोबाइल किंवा लॅपटॉपमध्ये केवळ गैरसोयीचा ठरणारा बॅटरीचा दोष येथे थेट अपघाताचे कारण होतो. प्रस्तुत नोंदीत साठवण, वृद्धत्व आणि उड्डाणातील निरीक्षण यांवर भर दिला आहे.

रचना : प्रचलित ड्रोन बॅटरीत ॲल्युमिनियमचा थर असलेल्या लवचीक पाकिटात बंद केलेले सपाट सेल एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक सेलचा नाममात्र विद्युत दाब ३.७ व्होल्ट, तर पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट असतो. उच्च दाबाच्या प्रकारात ही मर्यादा ४.३५ व्होल्ट किंवा त्याहून थोडी अधिक असते. सहा सेल एकसर जोडलेल्या ‘सिक्स-एस’ पॅकचा नाममात्र दाब २२.२ व्होल्ट आणि कमाल दाब २५.२ व्होल्ट होतो. अशा पॅकमधून दोन जोडण्या बाहेर येतात : एक जाड तांबड्या-काळ्या तारांची, जिच्यातून मोटारींना प्रवाह मिळतो, आणि दुसरी सात बारीक तारांची, जिच्यावरून प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्रपणे मोजता व समतोल करता येतो. या बारीक तारांच्या जोडणीला वापरकर्ते ‘बॅलन्स लीड’ म्हणतात. लांब पल्ल्याच्या काही ड्रोनमध्ये दंडगोल सेलही वापरतात. त्यांची प्रवाह देण्याची क्षमता कमी, पण वजनाच्या तुलनेत ऊर्जा अधिक असते.

उगम : पुनर्भारणक्षम लिथियम सेलचा आरंभ सामान्यतः १९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी केलेल्या टायटॅनियम डायसल्फाइडच्या कामापासून मानला जातो. त्या सेलचे ऋणाग्र (ऋण इलेक्ट्रोड) लिथियम धातूचे होते व ते धोकादायक ठरले. १९८९ मध्ये कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीच्या, जपानी मोबाइल फोनमध्ये वापरलेल्या सेलना आगी लागल्यानंतर तो मार्ग व्यवहारात जवळजवळ बंद झाला. दरम्यान १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र (धन इलेक्ट्रोड) सुचवले होते, तर १९८० च्या दशकाच्या मध्यास असाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांनी कार्बनी ऋणाग्राशी त्याची सांगड घातली. सोनी कंपनीने १९९१ मध्ये हा सेल बाजारात आणला.

ग्रॅफाइटच्या ऋणाग्राचे श्रेय कोणाचे, याबद्दल मात्र एकमत नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ग्रेनोबल येथे रशीद याझामी यांनी बहुवारिक (पॉलिमर) विद्युत विच्छेद्य, म्हणजे आयन वाहून नेणारे माध्यम, वापरून ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरते व परत बाहेर येते हे दाखवले. साधारण त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेतील समर बसू यांच्या नावे लिथियम-ग्रॅफाइट ऋणाग्राची एकस्वे (पेटंट) नोंदली गेली. २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांची नावे होती, याझामी यांचे नव्हते. २०१४ च्या ड्रेपर पारितोषिकात मात्र ते होते. एकस्वांच्या व प्रकाशनांच्या तारखा पाहता हा शोध एकाच व्यक्तीच्या नावावर टाकणे अवघड दिसते.

पॉलिमर सेलची परंपरा वेगळी आहे. पॉलिएथिलीन ऑक्साइडमधील आयनवहन १९७३ मध्ये पी. व्ही. राइट आणि सहकाऱ्यांनी नोंदवले व १९७८ च्या सुमारास मिशेल आर्माँ यांनी अशा घन बहुवारिकाचा सेलमध्ये उपयोग सुचवला. तो पदार्थ सामान्य तापमानाला पुरेसे वहन करत नसल्याने १९९० च्या दशकात बेलकोर येथे द्रव शोषून घेणाऱ्या बहुवारिकाचा तोडगा निघाला. आजचे ड्रोन सेल या दुसऱ्या शाखेला अधिक जवळचे आहेत : त्यांत ज्वलनशील द्रव विच्छेद्य असतेच, आणि पाकीट मऊ असल्याने आत वायू तयार झाला की ते फुगते. निगेचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

साठवण : बॅटरीचे आयुष्य उड्डाणांच्या संख्येने मोजण्याची रीत रूढ आहे. हंगामी वापराच्या ड्रोनबाबत ती अपुरी वाटते, कारण बॅटरी पडून असतानाही झिजत असते. ऋणाग्रावर विच्छेद्याच्या विघटनातून एक पातळ संरक्षक थर बनतो. त्याचे स्वरूप इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये मांडले. हा थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. तापमान व चार्जची पातळी जितकी जास्त, तितका हा क्षय वेगाने होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तापमानापुरती ती निःसंशय बरोबर आहे. चार्जच्या पातळीबाबत म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्षय सलग वाढत न जाता पायऱ्यांनी वाढतो असे आढळले, आणि या पायऱ्यांचा संबंध ग्रॅफाइटच्या विभवाशी (विद्युत पातळीशी) जोडण्यात आला : ग्रॅफाइट निम्म्याहून अधिक भरले की त्याचे विभव खालच्या पायरीवर येते व क्षयाची गती वाढते. हा अभ्यास दंडगोल सेलवरचा आहे, त्यामुळे त्यातले आकडे ड्रोनच्या पाकीटबंद सेलना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरी ऋणाग्राचा पदार्थ तोच असल्याने निष्कर्षाची दिशा ग्राह्य मानावी.

व्यवहारात साठवणीसाठी दर सेल ३.८० ते ३.८५ व्होल्ट हा दाब सुचवला जातो व बहुतेक चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ हा पर्याय असतो. वरील कारणाने या पट्ट्याची खालची बाजू अधिक योग्य दिसते. अगदी रिकामी बॅटरी ठेवणेही घातक असते. नैसर्गिक गळतीत आणि पॅकमधील इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या अल्प वापरात दाब घसरत जाऊन फार खाली गेल्यास ऋणाग्रामागची तांब्याची पत्री विरघळू लागते, आणि पुढे चार्ज करताना तेच तांबे आत साचून शॉर्टसर्किट घडवू शकते. म्हणून फार खोल उतरलेला सेल मंद प्रवाहाने ‘जिवंत’ करण्याचा खटाटोप टाळावा. काही उत्पादकांच्या तथाकथित स्मार्ट बॅटऱ्या काही दिवस न वापरल्यास आपोआप सुमारे ६० टक्क्यांपर्यंत उतरतात. मात्र त्यानंतर त्यांच्याकडे महिनोन्महिने पाहिलेच नाही तर त्या आणखी खाली जातात, त्यामुळे साधारण तीन महिन्यांनी एकदा तपासणी सांगितलेली असते.

महाराष्ट्रात या बाबीला विशेष महत्त्व येते. खरिपातील फवारणी आटोपल्यावर अनेक ठिकाणी बॅटऱ्या दीर्घकाळ बाजूला पडतात, आणि विदर्भात तर त्यांच्या विश्रांतीच्या काळातच पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान याहूनही वर जाते. पूर्ण चार्ज आणि अशी उष्णता एकत्र आल्यास एकही उड्डाण न होता बॅटरीची क्षमता घटते. पुढच्या हंगामात ‘बॅटरी टिकत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

निरीक्षण : शिल्लक ऊर्जा थेट मोजता येत नाही, तिचा अंदाजच बांधावा लागतो. सर्वांत सोपा निर्देशक दाब हा असला तरी तो दोन कारणांनी फसवा आहे. पहिले, उताराचा आलेख मध्यभागी जवळजवळ सपाट असतो : विश्रांत सेलमध्ये साधारण ३.८४ ते ३.७७ व्होल्ट या चिंचोळ्या पट्ट्यातच सुमारे एक-चतुर्थांश क्षमता सामावलेली असते, आणि ३.७ व्होल्टच्या खाली मात्र दाब झपाट्याने कोसळतो. दुसरे, भार पडताच अंतर्गत रोधामुळे दाब खाली बसतो. सिक्स-एस पॅकच्या प्रत्येक सेलचा रोध ५ मिलिओहम धरल्यास एकूण रोध ३० मिलिओहम होतो; १०० ॲम्पिअर प्रवाहाला त्यामुळे ३ व्होल्टची घट येते आणि ३०० वॉट उष्णता पॅकच्या पोटातच निर्माण होते. रोध दुप्पट झालेली जुनी बॅटरी अशा वेळी निम्मी भरलेली असूनही रिकामी भासते, आणि एका अर्थी ती त्या कामापुरती रिकामीच असते.

दुसरी पद्धत म्हणजे बाहेर गेलेला प्रवाह काळाच्या हिशेबाने मोजून मूळ क्षमतेतून वजा करणे. हिच्यावर भाराचा परिणाम होत नाही, पण संवेदकाची चूक साचत जाते आणि झिजलेल्या बॅटरीची खरी क्षमता लेबलवरील आकड्याहून कमी असल्याने शिल्लक फुगवून दाखवली जाते. म्हणून आधुनिक मापनचिपा दोन्हींची सांगड घालतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ‘इम्पिडन्स ट्रॅक’ ही अशी एक परिचित पद्धत आहे, जी विश्रांत दाबावरून पातळी ठरवते आणि रोधाचा अंदाज वापरातच सुधारत राहते. ‘आर्डुपायलट’सारख्या उड्डाण नियंत्रकात भारामुळे बसलेला दाब दुरुस्त करून विश्रांत दाबाचा अंदाज काढण्याची सोय आहे. दाब क्षणभर खाली गेला म्हणून लगेच परतीचा आदेश सुटू नये यासाठी तेथे ठरावीक काळ थांबण्याची तरतूदही असून तो काळ मुळात १० सेकंदांचा असतो.

मापनावर विसंबण्याच्या मर्यादा एका प्रसंगात दिसल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने डीजेआय कंपनीच्या मॅट्रिस २०० मालिकेतील ड्रोन व त्यांच्या टीबी५० आणि टीबी५५ बॅटऱ्यांबाबत सुरक्षा सूचना काढली. पुरेसा चार्ज दिसत असताना उड्डाणात अचानक वीज खंडित झाल्याच्या काही घटना कळवण्यात आल्या होत्या. तेथील काही पोलिस दलांनी हे ड्रोन तात्पुरते जमिनीवर ठेवले आणि कंपनीने फर्मवेअरची सुधारणा दिली. अनुभवी वैमानिक टक्केवारीच्या आकड्याबरोबर प्रत्येक सेलचा दाबही पाहतात, ते यासाठीच. ड्रोन जमिनीवर उतरल्यानंतर पाच सेल ३.७८ व्होल्टवर आणि एकच ३.६९ वर आढळला, तर पॅकची एकूण बेरीज समाधानकारक दिसली तरी पुढच्या उड्डाणात तोच एक सेल आधी कोसळणार, हे गृहीत धरावे. भाराखाली दर सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आला की ड्रोन जमिनीवर उतरवण्याचा संकेत बराच रूढ आहे, ३.० व्होल्ट ही सेलची तळमर्यादा समजावी, उड्डाणाचे उद्दिष्ट नव्हे.

अंतर्गत रोधाची नोंद ठेवणे हा वृद्धत्व ओळखण्याचा अधिक भरवशाचा उपाय दिसतो. मात्र निरनिराळे चार्जर निरनिराळ्या रीतीने मोजत असल्याने आणि थंड सेलचा रोध मुळातच जास्त येत असल्याने एकाच चार्जरवर, जवळपास सारख्या तापमानाला घेतलेल्या आकड्यांचीच तुलना करावी. फुगवट्याची साधी कसोटी म्हणजे पॅक सपाट टेबलावर ठेवून पाहणे : तो डुगडुगत असेल किंवा अंगठ्याने दाबल्यावर उशीसारखा लागत असेल, तर त्याचा वापर थांबवावा. किंचित फुगलेला पॅक चालतो असे मानणारेही आहेत. माणसांच्या डोक्यावरून उडणाऱ्या यंत्रापुरते तरी ते मत स्वीकारता येत नाही.

चार्जिंग : एका तासात पूर्ण क्षमता भरेल इतका, म्हणजे ‘वन-सी’ प्रवाह, समतोल चार्जिंग आणि थंड झालेली बॅटरी, हे तीन संकेत पुरेसे आहेत. उड्डाणातून आलेला गरम पॅक लगेच चार्जरला लावू नये. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम धातूरूपात ऋणाग्रावर साचते. सह्याद्रीत हा प्रश्न क्वचितच येतो, लडाखमध्ये येतो. चार्जिंग चालू असताना खोली सोडून जाऊ नये. आग लागल्यास भरपूर पाण्याने थंड करणे हाच मुख्य उपाय होय. धातूंच्या आगीसाठी असलेली कोरडी भुकटी येथे फारशी उपयोगी नाही, कारण आग मुख्यतः सेंद्रिय द्रवाची असते आणि धनाग्रातून सुटणारा ऑक्सिजन तिला हातभार लावतो. धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असू शकतो.

वाहतूक व नियम : विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या फक्त हातसामानात नेता येतात, १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते आणि त्यापुढील बॅटरी नेता येत नाही. १६,००० मिलिॲम्पिअर-तासांचा सिक्स-एस पॅक सुमारे ३५५ वॉट-तासांचा भरतो, म्हणजे फवारणी ड्रोनची बॅटरी प्रवासी म्हणून नेण्याचा प्रश्नच उरत नाही. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून चढवण्यास मनाई असून मालवाहू विमानातही त्यांचा चार्ज ३० टक्क्यांहून अधिक असू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

भारतात ड्रोन नियम २०२१ मध्ये वर्गीकरण वजनावर आधारित आहे व पॅकचे वजन त्यात धरले जाते. महिला बचत गटांसाठी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेच्या साहित्यात मूळ बॅटरीखेरीज चार जादा संच धरलेले आहेत. इतके संच आळीपाळीने फिरत असल्यास प्रत्येकावर क्रमांक व खरेदीचा महिना लिहून स्वतंत्र नोंदवही ठेवणे आणि जोडीने वापरायचे पॅक शेवटपर्यंत जोडीनेच वापरणे सोयीचे ठरते.

बाद झालेल्या बॅटऱ्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ च्या कक्षेत येतात आणि त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी निकामी करण्याचा प्रघात आढळतो, परंतु त्यात बाहेरच्या पट्ट्या आधी गंजून तुटतात आणि आतला चार्ज तसाच राहू शकतो. दिवा किंवा रोधक जोडून ती सावकाश शून्यापर्यंत उतरवावी, टोकांना चिकटपट्टी लावावी आणि मगच ती संकलन केंद्रात द्यावी.