पेंटॅक्स: मालक बदलले, माउंट तोच

पेंटॅक्स हा जपानी कॅमेरा ब्रँड मागे का पडला, हा विषय निघाला की बहुतेक जण २०११ मधल्या कॅमेरा विभागाच्या विक्रीपासून सुरुवात करतात. खरी गाठ त्याआधी, २००६-०७ मध्येच बसली. स्पॉटमॅटिक, के-१००० या फिल्म कॅमेऱ्यांचे दिवस सगळ्यांना ठाऊक आहेत. १९७५ चा के माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची खाच, आजही तोच आहे, एवढं इथे पुरे.

डिसेंबर २००६ मध्ये एका बड्या जपानी काच-कंपनीशी विलीनीकरण जाहीर झालं. चष्म्याच्या भिंगांपासून हार्ड डिस्कच्या काचेपर्यंत तिचा पसारा. एप्रिल २००७ मध्ये पेंटॅक्सच्या संचालक मंडळाने घूमजाव केलं आणि करार करणारे अध्यक्ष पायउतार झाले. मोठ्या भागधारकाला मात्र सौदा हवाच होता. अखेर शेअरमागे ७७० येनची ओपन ऑफर, म्हणजे भागधारकांकडून थेट शेअर विकत घ्यायची तयारी, आली, मंडळ नमलं आणि मार्च २००८ अखेर कंपनी विलीन झाली. मंडळाचा विरोध हट्टाचा होता असं अनेकांना वाटतं. मला तो रास्त वाटतो, कारण खरेदीदाराचा डोळा कॅमेऱ्यावर नव्हता, एंडोस्कोपवर, म्हणजे शरीराच्या आत पाहायच्या वैद्यकीय नळीवर होता. २०११ मध्ये कॅमेरा विभाग कॉपियर बनवणाऱ्या कंपनीला विकताना एंडोस्कोपचा धंदा त्याने स्वतःकडेच ठेवला, पेंटॅक्स या नावासकट.

मधल्या काळात के-७ आणि के-५ सारख्या दणकट डिजिटल कॅमेरा बॉडी आल्या, म्हणजे इंजिनिअर कमी पडले नव्हते. रखडलं ते लांब पल्ल्याचं काम. २००५ मध्ये जाहीर झालेला मिडियम फॉरमॅट (फुल फ्रेमहूनही मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा ६४५डी २०१० मध्ये बाजारात आला. फुल फ्रेमचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा पहिला प्रयत्न २००१ मध्ये पेंटॅक्सने स्वतःच सोडला होता, हेही खरं. पण तो धागा पुन्हा हाती घ्यायला तिसरा मालक यावा लागला आणि २०१६ उजाडलं. त्या वर्षी आलेल्या फुल फ्रेम के-१ वर माउंटपाशी, कार्डाच्या खाचेपाशी, स्क्रीनच्या मागे बारीक एलईडी दिवे आहेत, अंधारात लेन्स किंवा कार्ड बदलता यावं म्हणून. रात्री आकाशाचे फोटो काढणाऱ्याला त्याची किंमत कळते.

२०२२ च्या सुरुवातीला जपानमध्ये ग्राहकाला थेट विक्रीवर भर देण्याचं धोरण जाहीर झालं, वर्षअखेरीस फिल्म कॅमेऱ्याचा प्रकल्प. त्यातून २०२४ मध्ये हाफ फ्रेमचा, म्हणजे फिल्मच्या एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो घेणारा पेंटॅक्स १७ आला. त्याचा फिल्म पुढे सरकवायचा खटका जुळवताना तरुण इंजिनिअरांना निवृत्त सहकाऱ्यांची मदत घ्यावी लागली.