पोकर टेबल (घरगुती बांधणी)

पोकर टेबल म्हणजे आठ-दहा जणांनी भोवती बसून पत्ते खेळण्यासाठी केलेले, वर कापड ताणलेले आणि कडेने हात टेकायला गादीची पट्टी असलेले टेबल. हौशी सुतारकाम करणाऱ्यांत ते आवडीचे आहे, कारण त्यात पटाशीने खोदायचे सांधे जवळजवळ नसतात. कस लागतो तो आखणीत आणि मढवण्यात.

सर्वांत रूढ आकार 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद, म्हणजे प्लायवुडच्या एका पूर्ण शीटएवढा. बोलताना त्याला लंबगोल म्हणतात, पण भूमितीच्या दृष्टीने ते लंबवर्तुळ नव्हे. मध्ये 48 इंचांचा चौरस आणि त्याच्या दोन टोकांना 24 इंच त्रिज्येची अर्धवर्तुळे, अशी ती आकृती असते. परीघ सुमारे 247 इंच भरतो. दहा जण बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 25 इंच येतात, आठ जणांना मात्र ऐसपैस जागा मिळते. अर्धवर्तुळ आखायला सरळ पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि 24 इंचांवर पेन्सिल पुरते. त्याच पट्टीवर राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र) बसवला तर कड जिगसॉपेक्षा (बारीक पात्याच्या विजेच्या करवतीपेक्षा) कितीतरी स्वच्छ कापली जाते.

टेबलाला 18 मिमी प्लायवुडच्या दोन शीट लागतात. एक तळाची. दुसरीतून साडेचार-पाच इंच रुंदीचे बाहेरचे कडे (हात टेकायच्या पट्टीचा सांगाडा) आणि आतला खेळण्याचा पृष्ठभाग असे दोन भाग निघतात. या दोहोंमधली फट हे या कामातले सर्वांत नाजूक माप आहे. पृष्ठभागावरचे कापड कडेवरून वळून खाली जाते आणि कड्याचे रेक्झिनही आतल्या बाजूने खाली वळते. दोन्हींची जाडी धरून सगळीकडून सुमारे 3 मिमी जागा सोडावी लागते. ती सोडली नाही तर मढवण्याआधी जुळवून पाहताना चपखल बसलेले कडे मढवल्यानंतर बसतच नाही.

कापडाखाली सुमारे 6 मिमी जाडीचा दाट फोम चिकटवतात. तो केवळ आरामासाठी नसतो. उघड्या फळीवर सपाट पडलेला पत्ता उचलायला नख घालावे लागते; फोमवर बोटाने कड किंचित दाबली की पत्ता सहज हातात येतो. फोम फार मऊ असेल तर चिप्सच्या (डावात लावायच्या चकत्यांच्या) चळती कलतात, म्हणून दाटपणा महत्त्वाचा. कापडासाठी लोकरी फेल्टपेक्षा पाणी न शोषणारे गुळगुळीत पॉलिस्टर बरे: पत्ते सरकतात आणि सांडलेला पेला लगेच पुसता येतो.

कड्यावर इंचभर जाडीचा फोम आणि त्यावर रेक्झिन येते. ताणण्याची सुरुवात सरळ बाजूंच्या मधोमध करावी, समोरासमोर एकेक स्टेपल मारत टोकांकडे जावे. वळणावर दोन बाजूंचे वागणे उलटे असते. बाहेरच्या कडेने रेक्झिन खाली वळवले की जास्तीचे कापड गोळा होते, त्याच्या बारीक चुण्या खालच्या बाजूला बसवाव्या लागतात. आतल्या कडेने ते अपुरे पडते, म्हणून वळवलेल्या भागाला अंतराअंतरावर चिरा द्याव्या लागतात. चीर वरच्या कडेपर्यंत गेली तर ती कायमची दिसते. बोटभर अलीकडेच थांबावे.

कडे खालून बोल्टने कसावे, गोंदाने चिकटवू नये. कापड झिजते, डाग पडतात. बोल्ट सोडून कडे काढता आले तर पृष्ठभाग उचलून नवे कापड ताणणे हे एका दुपारचे काम राहते.

उंची साधारण 30 इंच ठेवतात. पाय कोपऱ्यांत नसावेत, कारण या टेबलाला कोपरेच नाहीत. कडेला लावलेले पाय कोणाच्या ना कोणाच्या गुडघ्याला लागतात. त्यापेक्षा मधल्या चौरसाखाली दोन रुंद खांब आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी भक्कम ठरते. नुसत्या प्लायवुडचेच वजन 50 किलोंच्या घरात जाते, तेव्हा दुमडणारे हलके पाय जपून निवडावेत.