सिलिकॉनचं यांत्रिक रूप

सिलिकॉन म्हटलं की आपल्याला कॉम्प्युटरची चिप आठवते. कर्ट पीटरसन यांना त्यात बांधकामाचं साहित्य दिसलं. एमआयटीतून डॉक्टरेट घेऊन ते १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत दाखल झाले. आयबीएममध्ये तेव्हा इंकजेट प्रिंटरसाठी सिलिकॉनमध्ये बारीक छिद्रं कोरायचं काम चालू होतं. सिलिकॉन इतकं नेमकं कोरता येत असेल, तर त्यातून हलणारे भागही घडवता येतील, या विचाराने पीटरसन यांना झपाटलं. दोन नाजूक दांड्यांवर पिळून डोलणारा सिलिकॉनचा आरसा त्यांनी याच काळात बनवला.

हे कोरणं मोठं सुंदर असतं. योग्य दिशेने कापलेली सिलिकॉनची चकती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात बुडवली, तर ती सगळीकडून सारखी झिजत नाही. स्फटिकातल्या काही प्रतलांवर रसायन भराभर काम करतं, काहींपाशी जवळजवळ अडतं. त्यामुळे वरच्या संरक्षक थरात चौकोनी खिडकी ठेवली, तर खाली उलट्या पिरॅमिडसारखा खड्डा तयार होतो आणि त्याच्या भिंती ५४.७ अंशांतच उतरतात. हा कोन कुणाला मोजून कापावा लागत नाही.

१९८२ मध्ये पीटरसन यांनी सिलिकॉनच्या यांत्रिक गुणांवर एक दीर्घ शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातलं बरंचसं काम इतरांचं होतं. विखुरलेलं ते सगळं त्यांनी एकत्र आणलं आणि सिलिकॉन ताकदीत पोलादाशी टक्कर देतं, धातूसारखं कायमचं वाकत नाही, हे आकड्यांनिशी मांडलं. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं योगदान हेच. नवा शोध लावण्याइतकंच विखुरलेल्या शोधांतून एक क्षेत्र उभं करणंही मोलाचं असतं, आणि त्याचं श्रेय आपण फार कमी देतो.

त्याच वर्षी आयबीएम सोडून ते कंपन्या काढू लागले. १९८५ च्या नोव्हासेन्सरने दाबमापक बनवले. त्यांत सिलिकॉनचा पातळ पडदा दाबाने किंचित वाकतो, त्यातले रोधक (रेझिस्टर) ताणले जातात आणि त्यांचा विद्युतरोध बदलतो. हा गुणधर्म बेल लॅब्सच्या चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्येच दाखवला होता. आता तो रुग्णाचा रक्तदाब सतत मोजणाऱ्या, एकदा वापरून टाकून देण्याच्या सेन्सरमध्ये आला. २००४ च्या सायटाइमने क्वार्ट्‌झऐवजी सिलिकॉनच्या कंपनांवर चालणारे कालमापक भाग आणले. २०१९ मध्ये पीटरसन यांना आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचं मेडल ऑफ ऑनर मिळालं.

मधली एक कंपनी आपल्या फार जवळची आहे: १९९६ ची सेफिड. रोगजंतूंचा डीएनए शोधणारं छोटं यंत्र बनवायचं होतं. सुरुवात सिलिकॉनच्या चिपपासून झाली. पण शेवटी जीनएक्सपर्ट यंत्रात प्लॅस्टिकची चपटी नळी आली आणि तिला झटपट तापवणाऱ्या सिरॅमिकच्या पट्ट्या. ज्या पदार्थाने नाव मिळवून दिलं, तोच गरज नसताना बाजूला ठेवायला मोठी समज लागते. आपल्या सरकारी दवाखान्यांत ‘सीबीनॅट’ म्हणून होते ती क्षयाची तपासणी याच यंत्रावर. थुंकीचा नमुना काडतुसात घातला की सुमारे दोन तासांत क्षयाचे जंतू आहेत का, हे कळतं आणि रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं प्रमुख औषध त्यांच्यावर चालेल का, हेही. त्यामुळे औषध न जुमानणारा क्षय असलेल्या रुग्णाला योग्य उपचारांसाठी कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टची कित्येक आठवडे वाट पाहावी लागत नाही.