दोन्ही ‘ऑटोमॅटिक’, पण गिअर एकीलाच: स्कूटरची सीव्हीटी आणि मोटरसायकलची डीसीटी

डाव्या हाताशी क्लच नाही आणि डाव्या पायाशी गिअर नाही एवढे दिसले की गाडी ‘ऑटोमॅटिक’ ठरते, आणि ऑटोमॅटिक ठरली की लोक तिला स्कूटरच्या रांगेत बसवतात. रत्नागिरीत माझ्या दारात डीसीटीची, म्हणजे दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची, होंडाची आफ्रिका ट्विन ही मोटरसायकल आल्यापासून शेजाऱ्यांपासून पेट्रोल पंपावरच्या मुलापर्यंत बहुतेकांनी “एवढे पैसे मोजलेत आणि शेवटी स्कूटीच आणलीत?” हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारला आहे. प्रश्न थट्टेचा असला तरी त्यामागचा समज मनात धरून कोणी ही गाडी घाटात नेली तर तो समज धोक्याचा ठरू शकतो, कारण या दोन यंत्रणांमध्ये क्लच हाताने दाबावा लागत नाही याखेरीज समान असे फारच थोडे आहे.

स्कूटरमधील यंत्रणेला सीव्हीटी म्हणतात आणि तिच्यात गिअर मुळी नसतातच. इंजिनाच्या बाजूला एक पुली, मागच्या चाकाच्या बाजूला दुसरी आणि दोघींना जोडणारा रबरी बेल्ट, असा तिचा आटोपशीर पसारा असतो. पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, छोटे रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीची सरकती तबकडी ढकलतात आणि त्यामुळे बेल्ट पुलीच्या कडेकडे चढत जातो. बेल्टची लांबी ठरलेली असल्याने मागच्या पुलीत तो तेवढाच आत ओढला जातो, आणि मधल्या कोणत्याही पायऱ्या न घेता इंजिन आणि चाक यांच्या फेऱ्यांचे गुणोत्तर अखंड बदलत राहते. मागच्या पुलीला जोडून केंद्रोत्सारी क्लच असतो. इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण अडीच-तीन हजारांपुढे गेले की त्याचे शू, म्हणजे घर्षणपट्टे, भोवतालच्या ड्रमला धरतात आणि फेरे उतरले की सोडून देतात. या साऱ्यात संगणकाचा संबंध नसतो, निर्णय वजन आणि स्प्रिंग यांच्या ओढाताणीतूनच होतो. १९८०च्या दशकात कायनेटिक होंडाने ही सोय आपल्याकडे रुळवली, आणि आज कोकणातल्या कोणत्याही बाजारपेठेत उभ्या असलेल्या दुचाकींमध्ये याच जातीच्या गाड्यांची गर्दी दिसते.

डीसीटी म्हणजे दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, आणि त्यात नेहमीच्या मोटरसायकलमधले सगळे गिअर जागच्या जागी असतात. आफ्रिका ट्विनमध्ये ते सहा आहेत. पहिला, तिसरा आणि पाचवा हे एका क्लचच्या ताब्यात, तर दुसरा, चौथा आणि सहावा दुसऱ्या क्लचच्या ताब्यात असतात. त्यांचे दोन शाफ्ट एकात एक बसवलेले असतात. दुसऱ्या गिअरवर गाडी धावत असताना तिसरा आधीच अडकवून ठेवता येतो. मग बदलायच्या क्षणी एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, एवढेच करायचे उरते. जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक रिकामा करताना एकाच्या हातून चिरा सुटण्याआधी दुसऱ्याचा हात त्याखाली आलेला असतो, तसाच हा व्यवहार असून मागच्या चाकाकडे जाणारा जोर मध्ये तुटत नाही. क्लच दाबण्याचे काम इंजिन ऑइलच्या दाबाने होते, गिअर फिरवण्याचे काम एक छोटी मोटर करते आणि कोणता गिअर कधी घ्यायचा हे वेग, थ्रॉटल आणि इंजिनाचे फेरे पाहून संगणक ठरवतो. मोटरसायकलवर ही यंत्रणा होंडाने २०१०च्या व्हीएफआर १२००एफ या गाडीत प्रथम आणली. या सोयीची किंमत वजनातही मोजावी लागते: सुरुवातीच्या ११०० सीसी आफ्रिका ट्विनचे वजन हाती गिअरच्या आवृत्तीत २२६ किलो, तर डीसीटीत २३६ किलो होते.

हा फरक पहिल्याच दिवशी कानाला कळतो. स्कूटरचा थ्रॉटल जोरात पिळला की इंजिन एका सुरात ओरडते आणि गाडी त्या आवाजाच्या मागून वेग पकडते. डीसीटीत आवाज चढतो, किंचित पडतो आणि पुन्हा चढतो, कारण आत खरोखर गिअर पडत असतो. सुरू केल्यावर ही गाडी न्यूट्रलमध्ये असते आणि बटण दाबून तिला ‘डी’, म्हणजे ड्राइव्ह, मोडमध्ये घ्यावे लागते. त्या वेळी पहिला गिअर अडकल्याचा ‘खट्’ असा आवाज पायाखाली स्पष्ट जाणवतो, जो स्कूटरवाल्याला बिघाडाचा वाटतो आणि बुलेटवाल्याला घरचा. ‘डी’ या मोडचा स्वभाव मात्र माझ्या मते फार कंजूष आहे. तो इतक्या लवकर वरचे गिअर घेतो की आरे-वारेच्या चढणीला लागताना इंजिन कुरकुरते, म्हणून किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर मी ‘एस’ मोड, म्हणजे गिअर जरा उशिरा बदलणारा मोड, पसंत करतो.

दोन यंत्रणांमधला खरा भेद चढावर दिसत नाही. चढावर तर सीव्हीटी आपले काम उत्तम करते, आणि दोन माणसे व बाजारहाट घेऊन धापा टाकणारी स्कूटर इंजिन लहान असल्यामुळे धापा टाकते, बेल्टमुळे नव्हे. भेद दिसतो तो उतारावर थ्रॉटल सोडल्यावर. कोल्हापूरकडून येताना आंबा घाट उतरून साखरप्याकडे यायला लागले की स्कूटर काही वेळ इंजिनाच्या जोरावर आवरली जाते, पण वेग कमी होऊन फेरे त्या ठरावीक मर्यादेखाली गेले की केंद्रोत्सारी क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. नेमक्या आवळ वळणावर, जिथे इंजिनाचा आधार हवा असतो, तिथे तो नसतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि पावसाळ्यात, ओल्या शेवाळलेल्या कडेवर, हा भार पेलणे अवघड होते. जाणते स्कूटरवाले अशा वेळी थ्रॉटलला हलका स्पर्श करून क्लच पुन्हा धरायला लावतात. उतारावर वेग वाढवणारी मूठ वेग आवरण्यासाठी फिरवायची, हा प्रकार नवशिक्याला सहजासहजी पटत नाही.

डीसीटीत असे होत नाही. गिअर अडकलेला आहे आणि क्लच धरलेला आहे, त्यामुळे गाडी जवळजवळ थांबेपर्यंत इंजिन तिला मागे ओढत राहते. मात्र ‘डी’मध्ये चौथा किंवा पाचवा गिअर असेल तर ही ओढ फारच सौम्य असते आणि स्कूटरची सवय असलेला माणूस ‘गाडी ऑटोमॅटिक आहे, ती पाहून घेईल’ असे समजून नुसताच बसून राहतो. डाव्या मुठीजवळ वजा-अधिक अशी दोन बटणे याचसाठी दिलेली आहेत. वळणाच्या आधी वजाचे बटण एक-दोनदा दाबून तिसरा किंवा दुसरा गिअर घेतला की सबंध उतार ब्रेकला अधूनमधून हात लावून उतरता येतो. बटण दाबल्यानंतर थोड्या वेळाने संगणक कारभार पुन्हा आपल्याकडे घेतो, म्हणून लांब घाटासाठी पूर्ण मॅन्युअल मोड, म्हणजे गिअर बटणांनी स्वतःच बदलायचा मोडच बरा.

थांबण्याच्या बाबतीत मात्र डीसीटी साध्या मोटरसायकलपेक्षा स्कूटरच्या अधिक जवळ जाते. कोकणात सपाट जागा शोधावी लागते: घरापुढचे खळे उतरते, देवळाकडची वाट उतरती, समुद्राकडे जाणारी तर उतरतीच. साधी मोटरसायकल अशा जागी पहिल्या गिअरमध्ये टाकून निर्धास्त ठेवता येते. डीसीटी चावी बंद केल्यावर न्यूट्रलमध्ये जाते, शिवाय तेलाचा दाब नसल्याने क्लचही सुटलेले असतात, त्यामुळे ती गिअरमध्ये अडकवून ठेवण्याचा मार्गच उरत नाही. त्यासाठी तिला वेगळा पार्किंग ब्रेक दिलेला असून आफ्रिका ट्विनवर त्याची लिव्हर डाव्या हाताशी आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर गाडी स्टँडला लावताना हा ब्रेक आधी ओढायचा आणि मग खाली उतरायचे, हा क्रम अंगवळणी पाडणे आवश्यक आहे. स्कूटरवाल्यांसाठी आणखी एक इशारा: मागचा ब्रेक म्हणून डावा हात आवळण्याची सवय इथे चालत नाही, कारण या गाडीचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी आहे.

पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी किंवा दगडी गडग्यांमधल्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवताना अर्धा क्लच दाबून तोल सांभाळण्याची सोय दोघींतही नाही. दोघींतही उपाय एकच आहे: थ्रॉटल हलका पण स्थिर ठेवायचा आणि वेग मागच्या ब्रेकने नियंत्रित करायचा. स्कूटरचे वजन थोडे असल्याने तिथे चूक झाली तरी पाय टेकून भागते. सव्वादोनशे किलोंहून जड गाडीला तेवढी दया नसते, आणि वळणाच्या मध्यावर थ्रॉटल पूर्ण सोडला तर क्लच सुटून ती एका अंगावर कलंडू पाहते.

आता या दोघींशी ज्याची गल्लत होते असा एक तिसरा प्रकार, थोडक्यात. होंडाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ई-क्लचमध्ये क्लच आपोआप चालतो, पण गिअर चालकानेच पायाने टाकायचे असतात आणि क्लचची लिव्हरही जागेवर असते. आपल्याकडे २००९ साली आलेल्या टीव्हीएस जाईव्हमध्ये ही लिव्हर नव्हती, मात्र गिअर तिच्यातही पायानेच टाकावे लागत. अशा गाड्यांना ऑटोमॅटिक म्हणणे चुकीचे आहे. उलट बाजूने होंडाची एक्स-एडीव्ही दिसायला थेट मोठी स्कूटर, डाव्या हाताला मागचा ब्रेकही स्कूटरसारखाच, परंतु आत सहा गिअरची डीसीटी आणि मागे चेन. त्यामुळे बाह्य रूपावरून निष्कर्ष काढू नये.

देखभालीत स्कूटर स्वस्त आहे, यात वाद नाही. बेल्ट साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो आणि रोलर झिजले की तेही बदलता येतात. तिचा वैरी पाणी आणि जांभ्याची तांबडी धूळ: बेल्टच्या कव्हरमध्ये थंडाव्यासाठी हवा खेळवलेली असते, त्या वाटेने पाणी शिरले की बेल्ट घसरतो आणि इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही. डीसीटीचे क्लच इंजिनाच्या तेलात बुडालेले असल्याने तिला ही भीती नाही. तिच्यासाठी ऑइल बदलताना नेहमीच्या फिल्टरखेरीज क्लचच्या वाटेवरचा वेगळा छोटा फिल्टर वेळापत्रकानुसार बदलावा लागतो. खाऱ्या वाऱ्याचा त्रास मात्र तिच्या उघड्या चेनला होतो. स्कूटरवाल्याला चेन हा विषयच माहीत नसतो, आणि किनाऱ्यावर दोन दिवस दुर्लक्ष झाले की कड्यांवर तांबूस थर दिसू लागतो. बॅटरी उतरली तर दोघींपैकी एकही ढकलून सुरू होत नाही, म्हणून पावसाळ्यात गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर बॅटरीचा चार्जर घरात असलेला बरा.