सिक्युअर बूट चालू असलं, तरी बूटलोडरचं अपडेट हवंच

सांगलीत विश्रामबागपासून गणपती पेठेपर्यंत कॉम्प्युटरवाल्यांकडे एक सल्ला हमखास मिळतो: "सिक्युअर बूट चालू आहे ना? मग बूटलोडरच्या अपडेटला हात लावू नका." हा सल्ला चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

बूटलोडर म्हणजे कॉम्प्युटर चालू करताना ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. सिक्युअर बूट हे कॉम्प्युटरमधलंच संरक्षण; ते अशा प्रोग्रामवरची डिजिटल सही तपासतं. सही खरी असली की प्रोग्राम चालू देतं. त्यात त्रुटी आहे का, हे त्याला कळत नाही. जुलै 2020 मध्ये ग्रब-2 या लिनक्सच्या बूटलोडरमधली 'बूटहोल' ही त्रुटी जाहीर झाली. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलवर सहसा सही नसते, आणि ती वाचताना मेमरीची मर्यादा ओलांडली जायची. ॲडमिनचे अधिकार हाती आलेला माणूस ती फाइल बदलून, सही असलेल्या ग्रबकडूनच, ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधी आपला कोड चालवून घेऊ शकत होता. त्या वेळी अँटिव्हायरस सुरूच झालेला नसतो! विंडोजही यातून सुटलेलं नाही. 'ब्लॅकलोटस' या घातक प्रोग्रामने विंडोजच्याच जुन्या, सही असलेल्या बूटलोडरचा आधार घेतला होता.

म्हणून जुने बूटलोडर बाद करावे लागतात. बाद झालेला बूटलोडर सिक्युअर बूट चालू देत नाही; मग मशीनच सुरू झालं नाही तर? लोकांची भीती इथलीच, आणि ती निराधार नाही: ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या काही मशीनवर लिनक्स सुरू होईना. अशा मशीनवर आधी लिनक्सचे शिम (ग्रबच्या आधी चालणारा, सही असलेला छोटा प्रोग्राम) आणि ग्रब अपडेट करा, विंडोजचं अपडेट त्यानंतर. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल तर ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या.